नोटेड मॅम

नाशिक रोडला १९२५ साली सिक्युरिटी प्रेस उभी राहिली आणि देशभरच्या पत्रांना तिकिटं पुरवू लागली. त्याच गावात आता पहिलीतल्या पोराच्या डब्यात पोहे द्यायचे की उपमा, यावर पालकांच्या ग्रुपवर रात्री साडेअकरापर्यंत पत्रव्यवहार चालतो. त्याला तिकीट लागत नाही, हीच खरी अडचण. नाहीतर ‘नोटेड मॅम’ लिहायला वर्गातले सगळे पालक एकामागून एक धावले नसते.

पूर्वी डायरी असायची. तांबड्या शाईत ‘गृहपाठ अपूर्ण, पालकांची सही आणावी’. आई सही करायची, एक धपाटा घालायची, विषय संपला.

आता यलो डे जाहीर होतो. कुणी विचारतं, लिंबू की हळदी? कुणी जेलरोडवरच्या दुकानाचा पत्ता टाकतं. कुणाचे तरी बाबा सोसायटीच्या टँकरचा मेसेज चुकून इकडे टाकतात आणि लगेच डिलीट करतात. मग काय डिलीट झालं, यावर अर्धा तास. मॅम बिचाऱ्या दिवसभर पोरं सांभाळून, घरी कुकरच्या शिट्या मोजत टाइप करतात, ‘हळदी चालेल.’

शिक्षण हक्क कायद्याचं कलम २४ म्हणतं, शिक्षकांनी पालकांच्या नियमित बैठका घेऊन मुलाची हजेरी, शिकण्याची क्षमता आणि प्रगती सांगावी. पिवळ्याच्या छटांबद्दल कायदा गप्प आहे. आणि बैठकीला? निम्म्या खुर्च्या रिकाम्या.

पोराला विचारावं, आज शाळेत काय केलं रे? तो म्हणतो, ‘ग्रुपवर बघ ना.’