गटारीचा झेंडू

(ओसरीचा कट्टा. त्यावर रिकामी कुंडी. वक्ता दिनदर्शिका घेऊन येतो.)

मंडळी, तासगावात द्राक्षबागायतदाराला काहीही विचारा, उत्तर दिवसांत मिळतं. "आण्णा, बाग कशी आहे?" (आण्णांचा आवाज, छाती काढून) "बावन्न दिवसांची झाली!" मोजणी छाटणीच्या तारखेपासून. शेंडा कधी मारायचा, डिपिंग कधी, विरळणी कधी, सगळं तोंडपाठ. आणि याच आण्णांच्या दारात दसऱ्याला झेंडू कुठला? बाजारातला! तोही रात्रभर पाणी मारून वजनाला जड केलेला. थॉम्पसनमधून निवडून ज्या तालुक्यानं तास-ए-गणेश हे वाण दिलं, त्याला दारातली एक कुंडी वेळेवर फुलवता येऊ नये? दोष मातीचा नाही, पाण्याचा नाही. द्राक्षाचे दिवस मोजले जातात, झेंडूचे कुणी मोजत नाही, एवढंच.

आता मोजायचे कुठून? व्हिडिओवाले तज्ज्ञ सांगतात, "ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात बी टाका." अहो, २०२५ चा दसरा २ ऑक्टोबरला, २०२६ चा २० ऑक्टोबरला! दसरा तिथीनं येणार असेल तर बीही तिथीनंच पडायला हवं. कुंडीतला बुटका झेंडू बी टाकल्यापासून साधारण दोन महिन्यांत फुलतो, शेंडा खुडला की आठवडाभर लांबतो. धरा सत्तरेक दिवस. आता दिनदर्शिका उलटी चाळू. आश्विन... भाद्रपद... श्रावण... (पान उलटतो. थबकतो. प्रेक्षकांकडे बघतो.) आषाढी अमावास्या. (मोठा विराम.) गटारी! २०२५ ला गटारी ते दसरा ७० दिवस, २०२६ ला ६९. आख्ख्या पंचांगात ज्या एका तिथीची आठवण कुणाला करून द्यावी लागत नाही, नेमकी तीच झेंडूची! (आण्णा) "आवं, त्या दिशी माणूस सरळ उभा ऱ्हात न्हाय, बी कुठं पडायचं?" सकाळी टाका की आण्णा! सकाळी तर उभे असता ना?

पुढचं वेळापत्रकही पाठ करायला नको. गोकुळाष्टमीला रोपं कुंडीत. तासगावच्या गणपतीचा रथ ओढून आलात, गौरी गेल्या, की शेंडा खुडायचा. बगला फुटतात, एका फुलाच्या जागी चार येतात. वेलीचा शेंडा मारणाऱ्याला हे मी शिकवावं? फक्त कुंडीत शेतातली नुसती काळी माती भरू नका. ती वाळली की आकसते, कुंडीच्या कडेला बोटभर फट पडते. वरून तांब्याभर पाणी ओतलं की ते त्या फटीतून सुळकन खाली. फरशी ओली, मूळ कोरडं, आणि आपण समाधानी. निम्मी माती, निम्म्यात शेणखत आणि वाळू, बुडाला भोक.

(आण्णा) "आनि अधिक म्हैना आला म्हंजी?" शंका रास्त आहे. २०२३ ला अधिक श्रावण आला आणि गटारी ते दसरा ९९ दिवस झाले. अशा वर्षी अधिक महिना सोडून द्यायचा, निज श्रावण लागताच बी टाकायचं. तेव्हा गटारी हुकल्याचं दुःखही जरा उतरलेलं असतं.

(आण्णा) "पर कुंडीनं प्वाट भरतंय व्हय?" नाही भरत. आपल्या गणपतीचं सात मजली गोपूर तरी कुणाचं पोट भरतं? पण प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. फुलोऱ्यात अवकाळी आला की हा माणूस रात्री बॅटरी घेऊन बागेत फिरतो. शेडवर माल असताना ढग आले की घास उतरत नाही. चार किलो द्राक्षं वाळवून किलोभर बेदाणा करायचा, आणि त्या किलोचा भाव सौद्यात दुसऱ्यानं बोलायचा. त्याच्या दारात एक तरी पीक असं असावं, ज्याचा सौदा निघत नाही, ज्यावर सोसायटीचं कर्ज नाही, आणि आभाळ फाटलं तर जे उचलून आत घेता येतं. (शांतता.)

(आण्णा) "उचलायचं कुनी? माझी कंबर गेलीया!"

मग नातवाला हाक मारा! (कुंडी उचलून निघतो. आण्णांच्या आवाजात, हळूच.) "ऐका की. गटारीला संध्याकाळी भाईर पडताना 'झेंडूचं बी टाकाया चाललोय' म्हनून घरात सांगिटलं, तर चालंल का?"

चालेल आण्णा. फक्त ६९ दिवसांनी घरात झेंडू दाखवावा लागेल.

(अंधार.)