पुरस्काराची थकबाकी

वाईत कृष्णेवर सात घाट आहेत आणि राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांचा निकाल दिल्लीत लागतो, हे या सातांपैकी एकाही घाटाला मान्य नाही. दिल्लीत फक्त यादी वाचून दाखवतात. ती बरोबर की चूक, हे गणपती घाटाच्या पायऱ्यांवर ठरतं. तिथं पटलं नाही तर शेजारच्या मेणवलीत अपील करता येतं. अपिलाची सुनावणी रोज होते, निकाल मात्र लागत नाही.

या कोर्टातला सर्वांत जुना दावा ‘स्वदेस’चा. सिनेमा डिसेंबर 2004चा. त्यातलं चरणपूर गाव कागदोपत्री उत्तर प्रदेशातलं, पण प्रत्यक्षात आमची मेणवली. नाना फडणवीसांनी बांधलेला घाट, वरचा वाडा, खाली कृष्णामाई. या घाटावर शाहरुख खान हिंडताना ज्यांनी पाहिला, त्यांना पुढं वीस वर्षं दुसरं काही पाहावंसं वाटलं नाही. अशा गावाला जेव्हा कळलं की, त्या वर्षीचा सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचा राष्ट्रीय पुरस्कार ‘हम तुम’साठी सैफ अली खानला गेला, तेव्हा काय झालं असेल? गावानं दिल्लीशी बोलणं टाकलं.

गंमत अशी की, त्याच साली फिल्मफेअरनं शाहरुखला ‘स्वदेस’साठी सर्वोत्कृष्ट अभिनेता ठरवलं होतं आणि सैफला ‘हम तुम’साठी विनोदी भूमिकेचं बक्षीस दिलं होतं. म्हणजे मुंबईत जो विनोद होता, तो दिल्लीला पोचेपर्यंत देशातला सर्वोत्कृष्ट अभिनय झाला. सैफच्या मातोश्री शर्मिला टागोर तेव्हा सेन्सॉर बोर्डाच्या अध्यक्ष होत्या. सेन्सॉर बोर्ड वेगळं, पुरस्काराची ज्युरी वेगळी, दोन्हींचा एकमेकांशी संबंध नाही, हे पारावर कितीदा तरी सांगून झालं. पण रंगात आलेल्या चर्चेत माहिती घुसवणं हे आमच्याकडं असभ्यपणाचं समजतात.

बरं, ‘स्वदेस’ला काहीच मिळालं नाही असंही नाही. छायालेखनासाठी महेश अणे आणि गाण्यासाठी उदित नारायण, असे दोन राष्ट्रीय पुरस्कार होते. म्हणजे दिल्लीच्या मते शाहरुखवर रोखलेला कॅमेरा उत्तम, शाहरुखच्या तोंडी आलेला गळाही उत्तम. मधला माणूस तेवढा बेताचा.

असा हा दावा भिजत पडलेला असताना 1 ऑगस्ट 2025 उजाडला. 2023 सालचे पुरस्कार जाहीर झाले आणि सर्वोत्कृष्ट अभिनेता म्हणून शाहरुख खानचं नाव आलं. सिनेमा कोणता, तर ‘जवान’. आणि कथापटांच्या ज्युरीचे अध्यक्ष कोण, तर ‘स्वदेस’चे दिग्दर्शक आशुतोष गोवारीकर!

नियमानं पाहिलं तर ज्युरीपुढं त्या-त्या वर्षी सेन्सॉर झालेले आणि निर्मात्यानं अर्ज करून पाठवलेलेच सिनेमे येतात. एकवीस वर्षांपूर्वीच्या सिनेमाचं तिथं कुणी नावही काढू शकत नाही. पण नियम वाचून मत बनवायचं तर पार कशाला हवा?

“अहो, हा ‘जवान’चा पुरस्कार नव्हेच,” एका निवृत्त मास्तरांनी निकाल दिला. “ही ‘स्वदेस’ची थकबाकी. सातव्या वेतन आयोगाचा फरक आम्हाला कसा हप्त्याहप्त्यानं आला, तशी.”

“मग मास्तर, व्याजाचं काय?” मेणवलीच्या पाटलांनी विचारलं.

“शासन व्याज देत नसतं. मुद्दल मिळालं हेच नशीब.”

“मुद्दल तरी कुठं पुरतं मिळालं? दोन लाखातले निम्मे त्या दुसऱ्या पोराला गेले न्हवं!”

हे दुसरं पोर म्हणजे विक्रांत मॅसी. ‘ट्वेल्थ फेल’ हा त्या वर्षीचा सर्वोत्कृष्ट चित्रपट आणि त्यातल्या भूमिकेबद्दल अभिनयाचा पुरस्कार मॅसीला शाहरुखबरोबर विभागून. थकबाकीच्या हिशेबात खरी गोम इथंच आहे. मागच्याची भरपाई करायची तर पैसे आकाशातून पडत नाहीत, ते चालू वर्षाच्या खात्यातूनच वळते करावे लागतात. शाहरुखला 2004चा न्याय मिळाला असं धरलं, तर मॅसीच्या 2023च्या न्यायातला निम्मा वाटा कापून मिळाला. आता मॅसीची थकबाकी कधी निघायची आणि ती कुणाच्या पगारातून?

हा घोळ आपल्याकडचाच आहे असं समजून उगीच शरमायला नको. ‘गॉडफादर’च्या पहिल्या दोन्ही भागांत काम करून ऑस्करविना घरी गेलेल्या अल पचिनोला ते मिळालं 1993 साली, ‘सेंट ऑफ अ वुमन’साठी. त्या रात्री ‘माल्कम एक्स’मधला डेन्झेल वॉशिंग्टन समोर बसून टाळ्या वाजवत होता. वॉशिंग्टनची पाळी आली 2002 साली, ‘ट्रेनिंग डे’साठी. तेव्हा ‘अ ब्युटिफुल माइंड’च्या रसेल क्रोला हात हलवत जावं लागलं. एका अन्यायाची फेड दुसऱ्यावर अन्याय करून करायची, ही पद्धत अमेरिकेत आमच्या आधीपासून रुळलेली आहे.

वाईच्या न्यायबुद्धीबद्दल मात्र एक गोष्ट नोंदवली पाहिजे. ‘दबंग’चं बरंचसं चित्रीकरण वाईत झालं. त्याला 2010 सालचा निखळ मनोरंजन करणाऱ्या लोकप्रिय चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला आणि फिल्मफेअरनं तर ‘उडान’ बाजूला ठेवून त्याला सर्वोत्कृष्ट चित्रपट ठरवलं. तेव्हा गणपती घाटावर ‘उडान’वर अन्याय झाला असं म्हणणारा एकही माईचा लाल निघाला नाही. ज्युरीला सिनेमातलं कळतं, असं एकमतानं ठरलं. 2023च्या यादीत ‘द केरला स्टोरी’ला दिग्दर्शनाचा पुरस्कार मिळाला, त्यावर केरळच्या मुख्यमंत्र्यांनी जाहीर निषेध केला, देशभर वाद पेटला. वाईनं तो दावा नोंदवूनच घेतला नाही. आमच्या हद्दीत येत नाही म्हणाले.

त्याच यादीत सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपट होता ‘श्यामची आई’. राष्ट्रीय पुरस्कार सुरू झाले त्या 1954 साली पहिलं राष्ट्रपती सुवर्णपदक अत्र्यांच्या ‘श्यामची आई’ला होतं, आणि आता पुन्हा श्यामच्याच आईचा सन्मान झाला. यावर कुठंही भांडण नाही. ‘श्वास’, ‘देऊळ’, ‘कोर्ट’, ‘कासव’ यांनी देशातला सर्वोत्कृष्ट चित्रपट म्हणून नाव काढलं, तेव्हाही घाटावर शांतता होती. ‘कासव’ला मिळाल्याचं कळलं तेव्हा एकानं “बरं झालं” म्हटलं, दुसऱ्यानं “मराठी माणूस पुढं आला पाहिजे” म्हटलं, आणि कुणी पाहिलाय का म्हणून विचारल्यावर सगळ्यांना एकदम घरची कामं आठवली.

आणि खरं दुखणं इथंच आहे. ‘स्वदेस’ तिकीटबारीवर आपटला होता. आज जो-तो त्याला अजरामर म्हणतो. दर पंधरा ऑगस्टला टीव्हीवर लागला की डोळे पुसतो आणि ज्युरीच्या नावानं बोटं मोडतो. पण डिसेंबर 2004मध्ये ही सगळी रसिक मंडळी होती कुठं? थेटरात तर नव्हती. असती तर तो आपटला नसता. ज्युरीनं शाहरुखला एक पुरस्कार नाकारला, प्रेक्षकांनी अख्खा सिनेमा नाकारला. ज्युरीनं आपली चूक, पारावरचा हिशेब खरा मानला तर, एकवीस वर्षांनी तरी दुरुस्त केली. प्रेक्षकांनी अजून तिकिटाचे पैसे भरलेले नाहीत.

तेव्हा सर्व घाटांच्या संमतीनं वाईत ‘पुरस्कार थकबाकी निवारण समिती’ स्थापन करावी, असा आमचा प्रस्ताव आहे. 2023 साली ज्या कुणावर अन्याय झाला असं आपलं मत असेल, त्याच्या नावे आजच अर्ज करावा. चालू गतीनं पाहता प्रकरण 2044च्या सुमारास पटलावर येईल. पारावर बसून केलेले अर्ज स्वीकारले जातील, मोबाइलवर टाईप केलेले त्रागे स्वीकारले जाणार नाहीत. अर्जासोबत त्या सिनेमाच्या तिकिटाचा, डोअरकीपरनं फाडून दिलेला अर्धा तुकडा जोडणं बंधनकारक राहील. झेरॉक्स चालणार नाही.