न पिणाऱ्याने कॉलेज कसे निवडावे : घाटावर आणि घाटाखाली

प्रवेश-अर्जात जात, उत्पन्न, डोमिसाइल, नॉन-क्रिमीलेअर सगळं विचारतात. ‘आपण घेता का?’ एवढं मात्र विचारत नाहीत. तो प्रश्न होस्टेलच्या पहिल्या-दुसऱ्या शनिवारी येतो आणि तोवर फी भरून झालेली असते. सबब हे मार्गदर्शन. बुलढाणा जिल्ह्यातील होतकरू, निर्व्यसनी, पण मित्रांवाचून न करमणाऱ्या विद्यार्थ्यांनी त्याचा लाभ घ्यावा.

प्रथम कायदा. महाराष्ट्रात बिअरला 21 आणि दारूला 25 वर्षं पूर्ण लागतात, वर परवाना. अठराव्या वर्षी इंजिनीअरिंगला गेलेला मुलगा सरळ पास होत गेला तर शेवटच्या वर्षी बिअरपुरता पात्र ठरतो. व्हिस्कीसाठी त्याला बऱ्याच केट्या लागतील. म्हणजे कायद्याच्या नजरेत जवळजवळ सगळं होस्टेल न पिणारंच आहे.

नियम पहिला : माहितीपत्रक वाचू नये. शनिवारी रात्री साडेनऊला गेटसमोर जाऊन उभं राहावं. टपरी उघडी आहे का, आणि तिथे चार पोट्टे नुसत्या चहावर तासभर बसतात का, हे पाहावं. ‘इथे दारू चालते का?’ असं कुणालाही विचारू नये. उत्तर ‘छे छे’ असंच येतं. थर्ड इयरच्या मुलाला विचारावं, ‘रात्री भूक लागली तर कुठे जाता?’ उत्तरात ढाबा आला, तर तो किती लांब, जाता कशाने आणि परत कोण आणतं, हेही विचारावं. ‘परत आणणारा’ म्हणून ज्याचं नाव येईल, तो त्या कॉलेजातला न पिणारा. खरी माहिती त्याच्याकडे.

नियम दुसरा : शक्यतो स्टेशनचं गाव धरावं. मलकापूर, नांदुरा, शेगाव ही मुंबई-हावडा मार्गावरची गावं; रात्री-अपरात्री गाड्या येतात, त्यामुळे चहाही मिळतो. घाटावर बुलढाणा, चिखली, मेहकरची हवा उत्तम, पण रेल्वे नाही. शेवटची एसटी गेली की जागी राहतात ती ‘फॅमिली गार्डन’ अशी पाटी लावलेली ठिकाणं. आत प्लायवूडचे कप्पे, मळकट पडदे, लाल बल्ब. फॅमिली मी तिथे अजून पाहिलेली नाही.

शेगावबद्दल पालकांना काही सांगावं लागत नाही. संत गजानन महाराज इंजिनीअरिंग कॉलेज 1983 पासून आहे आणि ‘महाराजांच्या गावात आहे’ एवढ्यावर आई निर्धास्त होते. शिवाय गरम कचोरी आणि तळलेली मिरची. सोबत काहीही न घेता खाता येणारा इतका चांगला चकणा दुसरा नाही. जिल्हाभर पिणारेसुद्धा गुरुवार पाळतात, चतुर्थी पाळतात, श्रावण पाळतात. त्या दिवशी आपण बहुमतात असतो. हे दिवस मोजून ठेवावेत. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, करीला, मात्र सरळ घरी निघून जावं.

नियम तिसरा, सर्वात महत्त्वाचा : कारण तयार ठेवावं. ‘आवडत नाही’ म्हटलं की ‘एकदा घेऊन तर पाहा’. ‘डॉक्टर नाही म्हणाले’ तर ‘या वयात?’. ‘बाबा मारतील’ तर ‘त्यांना सांगते कोण!’. पण ‘माळ आहे’ म्हणा. पुढे आलेला ग्लास मुकाट मागे जातो, तुमची प्लेट वेगळी होते आणि सगळे तुम्हाला ‘माउली’ म्हणू लागतात. अडचण एकच : माळेबरोबर मटणही जातं. ज्यांना तेवढा त्याग झेपत नाही त्यांनी, माझ्यासारखं, चार वर्षं भांडत राहावं.

नियम चौथा : मोटारसायकल येते हे सांगू नये.

नियम पाचवा : कॉन्ट्री. टीटीएमएम हा शब्द न पिणाऱ्यासाठी निघालेलाच नाही. मूठभर फल्लीदाणे आणि एका सोड्यावर मी खंब्याचा चौथा हिस्सा भरलेला आहे, आणि ‘तू दाणे किती खाल्ले ते पाह्य ना बापा’ हे वर ऐकलेलं आहे. (दाणे मी खातो, हे खरं. दुसरं करायचं काय?) पण हीच मंडळी आपली पाकिटं, मोबाइल आणि खोलीची किल्ली माझ्या हातात द्यायची. रात्री दोन वाजता एकजण सोयाबीनवरचं कर्ज, बापाशी तुटलेलं बोलणं-चालणं सगळं सांगायचा. सकाळी त्याला आठवायचं नाही. मला आठवायचं. महिनाअखेरीस मेसचे पैसे कुणाकडे नसतील, हे मला आधीच ठाऊक असायचं.

मुलींना हे मार्गदर्शन कुणी देत नाही. त्यांच्या कॉलेजबद्दल घरचे एकच विचारतात : होस्टेलचं गेट किती वाजता बंद होतं?

जिल्ह्याबाहेर जाण्याची तयारी असेल तर वर्धा. जिल्ह्यात दारूबंदी आहे, आणि सेवाग्रामच्या 1969 सालच्या मेडिकल कॉलेजात खादी घालायची, दारू-मांस नाही, असा दंडकच आहे. नीटला तेवढे मार्क मात्र हवेत. बाकी बंदीच्या जिल्ह्यात दारू मिळत नाही, अशा भ्रमात राहू नये.

शेवटी, पार्टी आपणच द्यावी. आपल्या अमरावती विद्यापीठाला ज्यांचं नाव आहे त्या गाडगेबाबांचे वडील दारूपायी गेले. पुढे बाबांनी मुलीच्या बारशाला रिवाजाप्रमाणे दारू-मटण न ठेवता गोडाचं जेवण घातलं. भाऊबंद रुसले असतील, पण पंगत झाली. तेव्हा कुणाच्या तरी शेतावर रोडगे लावावेत : गोवऱ्यांचा जाळ, वांग्याची भाजी, वरण. निखारे कधी पसरायचे आणि रोडगे कधी उलटायचे हे शुद्धीवरच्या माणसालाच कळतं, म्हणून त्या दिवशी हुकूम आपला चालतो. पिणारे बाटली घेऊन येतीलच, येऊ द्यावेत. रोडगा फोडून त्यात तूप मुरवायला दोन्ही हात लागतात, ग्लास धरणार कशाने?