प्रशिक्षण पुरे, पट्टा द्या

नागपूरच्या मिहान प्रकल्पात विमाने दुरुस्त होतात. सॉफ्टवेअर तयार होते. एम्समधून डॉक्टर बाहेर पडतात, आयआयएममधून व्यवस्थापक. चार हजार हेक्टरांहून मोठ्या या पसाऱ्यात सगळ्यांच्या करिअरची सोय आहे.

ज्यांच्या वावरांवर हे उभे राहिले, त्यांच्या पोरांना शेतीच करायची असेल तर?

शिवणगाव, खापरी, कलकुही, तेल्हारा, दहेगाव. ही नावे आज प्रकल्पग्रस्तांच्या निवेदनांत वाचायला मिळतात. कधीकाळी तिथे मृगाचा पाऊस पडला की तिफण निघत होती.

आता त्याच मिहानला शेतमाल हवा आहे. पतंजलीच्या फूड पार्कचे भूमिपूजन सप्टेंबर 2016 मध्ये झाले, उद्घाटन मार्च 2025 मध्ये. संत्री आणि लिंबूवर्गीय फळांवर दिवसाला 800 टनांची प्रक्रिया करण्याची क्षमता. उशिरा का होईना, आले हे बरे झाले. बाजारात मार खाणाऱ्या बारीक, डागाळलेल्या फळाला गिऱ्हाईक मिळेल.

पण दिवसाला 800 टन फळ पिकवणार कोण? काटोल-नरखेडच्या बागेत आज उभा असलेला पन्नाशी-साठीचा बाप? आणि त्याच्यानंतर?

तरुणांना शेतीत आणा, असे व्यासपीठावरचा प्रत्येक जण म्हणतो. केंद्राने त्यासाठी 2015 मध्ये ‘आर्या’ योजना आणली. कृषी पदवीधरांसाठी अ‍ॅग्रिक्लिनिकची योजना 2002 पासून आहे. नागपुरात 1906 चे कृषी महाविद्यालय आहे, लिंबूवर्गीय फळांची केंद्रीय संशोधन संस्था आहे. कापसाची केंद्रीय संस्था तर वर्धा रोडवर, मिहानच्या शेजारीच. 2009 पासून अ‍ॅग्रोव्हिजन हे कृषी प्रदर्शन भरते. शिकवणारे भरपूर झाले.

शिकलेल्याने पेरायचे कुठे?

1970-71 मध्ये महाराष्ट्रात सरासरी जमीनधारणा 4.28 हेक्टर होती. 2015-16 च्या कृषिगणनेत ती 1.34 वर आली. दोन भावांत वाटणी झाली की प्रत्येकाच्या वाट्याला दीड-पावणेदोन एकर. त्यात घर चालत नाही, करिअर कुठून व्हायचे? म्हणून कृषी पदवीधर अभ्यासिकेत बसून बँकेच्या आणि एमपीएससीच्या परीक्षा देतो. तो आळशी नाही. त्याने हिशेब केलेला आहे. शेतकरी मुलाला नकार देणाऱ्या मुलीनेही तोच हिशेब केलेला असतो. तिला बोल लावू नका.

मग जमीन विकत घ्यावी? घरात सातबारा नसेल तर तीही सोय नाही. विदर्भाच्या 1958 च्या कुळवहिवाट कायद्याप्रमाणे बिगरशेतकऱ्याला शेतजमीन घ्यायची तर जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते. तीच शेतजमीन औद्योगिक पट्ट्यात असेल आणि कारखान्यासाठी हवी असेल, तर 1994 च्या दुरुस्तीने ठरावीक मर्यादेपर्यंत ही परवानगी माफ आहे.

कारखाना काढणाऱ्याला वाट मोकळी, शेती करू म्हणणाऱ्याने अर्ज करावा. हा कुठला न्याय?

कर्नाटकाने 2020 मध्ये बिगरशेतकऱ्याच्या शेतजमीन खरेदीवरची बंधने उठवली. मला तो मार्ग मान्य नाही. वर्धा रोडच्या जमिनींचे भाव ज्याने पाहिले आहेत, त्याला ठाऊक आहे : बंधन उठले की तिथे विशीतला शेतकरी पोचत नाही, प्लॉटवाला पोचतो.

उरतो मक्ता, म्हणजे वावर भाड्याने घेणे.

विदर्भात गावोगाव वावर मक्त्याने किंवा बटईने दिले जाते, आणि बहुतेक सौदे तोंडी असतात. मालक कागद का करत नाही? 1 एप्रिल 1961 रोजी विदर्भातल्या कुळांना कसत्या जमिनीची मालकी मिळाली. तो न्यायच होता. पण त्या तारखेची धास्ती मालकांच्या घरांत अजून मुक्कामाला आहे. कागद केला की वावर गेले, असे आजोबांनी सांगितले. नातू आजही तेच सांगतो.

त्याची किंमत मोजतो तो कसणारा. सातबाऱ्यावर नाव नाही, म्हणून बँक पीककर्जाला उभे करत नाही. पीकविम्याला नोंदणीकृत भाडेकरार लागतो. अ‍ॅग्रिस्टॅकचा शेतकरी ओळख क्रमांक 15 एप्रिल 2025 पासून कृषी योजनांसाठी सक्तीचा झाला, आणि तो मिळतो जमिनीच्या नोंदीवरून. गारपीट झाली तर नुकसान मक्तेवाल्याचे, भरपाई मालकाच्या खात्यात.

सरकारच्या दप्तरी हा माणूस शेतकरीच नाही.

आणि मुदत? बहुधा एक वर्ष. संत्र्याचे कलम लावले तर बहर हाती यायला पाच-सहा वर्षे जातात. पुढच्या वर्षी वावर हाती राहील की नाही हे माहीत नसताना कोण कलम लावेल? कोण ठिबक टाकेल? म्हणून तो सोयाबीन पेरतो आणि भाव पडला की कर्ज वाढवतो, तेही सावकाराचे.

मिहानमध्ये उद्योगाला भूखंड कसा मिळतो? दीर्घ मुदतीच्या लेखी भाडेपट्ट्याने. तो कागद घेऊन कंपनी बँकेत जाते, कर्ज काढते, इमारत उभी करते. जमीन तिच्या मालकीची नसते, तरी तिचे काही अडत नाही.

हेच शेतकऱ्याला का नको?

यात नवे काही शोधायचे नाही. निती आयोगाने 2016 मध्ये शेतजमीन भाडेपट्ट्याचा आदर्श कायदा राज्यांपुढे ठेवला. मालकाची मालकी शाबूत आणि कसणाऱ्याला कर्ज-विम्याचा हक्क, असा त्याचा गाभा. आंध्र प्रदेशाने 2011 मध्येच कायदा करून मक्तेवाल्याला ओळखपत्र दिले. बँकांनी हात आखडता घेतला, तेव्हा 2019 मध्ये दुसरा कायदा केला. त्यातला करार 11 महिन्यांचा, म्हणजे फळबागेच्या कामाचा नाही. तरी कसणाऱ्याचे नाव कागदावर आले. युरोपीय संघ तर थेट अनुदानाच्या 3 टक्क्यांइतकी रक्कम तरुण शेतकऱ्यांसाठी बाजूला ठेवायला लावतो. चाळिशीच्या आत शेतीत येणाऱ्याला पहिली काही वर्षे हात द्यावा लागतो, हे तिथे मान्य झाले आहे.

आपण मात्र त्याला तीन दिवसांचे प्रशिक्षण देतो आणि प्रमाणपत्र देऊन घरी पाठवतो.

हिवाळी अधिवेशन नागपुरात भरते. मिहान तिथून फार लांब नाही. अधिवेशनाला येणाऱ्या आमदारांकडे मागणी एवढीच : फळबागेसाठी किमान पंधरा वर्षांचा नोंदणीकृत भाडेपट्टा, मालकाच्या मालकीला कायद्याचे स्पष्ट संरक्षण, आणि त्याच एका कागदावर पीककर्ज, विमा, भरपाई आणि शेतकरी ओळख क्रमांक. तुमचा आमदार कोणत्याही पक्षाचा असो, त्याला या डिसेंबरात हे विचारा आणि उत्तर लेखी मागा.