तुक्क्याचं खूळ

अगं माय, ऐकलंत का? ‘जगात जर्मनी, भारतात परभणी’ म्हणून मिरवणाऱ्या आपल्या जिल्ह्यात भलतंच खूळ शिरलंय! जिंतूर घ्या, गंगाखेड घ्या, अभ्यासिकेत पोरं म्हणे तुक्क्याचं गणित घोटतायत. ‘चूक की बरोबर’ दिसलं की पुस्तक खाली, नाणं वर. शिव शिव!

वर तोंड करून हिशेबही सांगतात. एका विधानाला उत्तरं दोन. पाच विधानं म्हणजे दोनाला दोनानं गुणत जा, ३२ तऱ्हेच्या उत्तरपत्रिका होतात. ३२ पोरांनी एकेक तऱ्हा वाटून घेतली तर एकाला पाचपैकी पाच पडणारच. पाचजणांना चार, दहाजणांना तीन. तो पाचवाला मग पेढे वाटत ‘रोज चौदा तास बसायचो’ म्हणून सांगणार आणि चौकात त्याचं बॅनर झळकणार. शून्यवालाही एक निघतोच. सगळं उलटं लिहिलं असतं तर बॅनर त्याचं होतं, बिचारा!

दहा विधानांच्या १०२४ तऱ्हा, त्यातल्या ८४८ मध्ये चार किंवा जास्त बरोबर. म्हणजे पुस्तकाला हात न लावता शेकडा ८३ पोरं चाळीस टक्क्यांना पास! आता मास्तरांनी काय करावं?

पण पोलीस भरतीत हे सोंग उघडं पडतं. प्रश्न १००, पर्याय चार, पात्रतेला ४० टक्के. नुसत्या तुक्क्यानं सरासरी २५ पडतात. चाळिशी गाठणारे दहा हजारांत जेमतेम सात.

एमपीएससी तर चुकीच्या उत्तरामागे पाव गुण कापते. प्रश्नाला एक गुण धरा: सोळा तुक्क्यांत सरासरी चार लागले, बारा चुकले, चारातून तीन गेले, उरला एक. एवढ्या नफ्यावर मोंढ्यात कोणी पोतंसुद्धा हलवणार नाही. पण एक चुकीचा पर्याय आधीच खोडता आला तर तोच एक गुण सहा तुक्क्यांत पदरात. दोन खोडले तर आठ तुक्क्यांत तीन!

आणि पर्याय खोडायचा कसा? विषय माहीत असला तरच ना! म्हणजे तुक्क्याच्या नावाखाली ही लेकरं लपूनछपून अभ्यास करतायत हो! तुमच्या घरचं पोरगंही त्यात असेल, एकदा दप्तर तपासा.