शेजारचा न्हावी हेर आहे, सबब...

हेरकथा लिहावी तर विल्यम ल क्यूसारखी. विनोदाचा अंशही नाही आणि तरी हसून पुरेवाट. 1906 साली लंडनच्या 'डेली मेल'मध्ये जर्मन स्वारीची त्याची कादंबरी क्रमशः आली. मालक हार्म्सवर्थसाहेबांनी शत्रूच्या फौजेचा मार्गच बदलून घेतला. ओसाड खेड्यांतून कूच करून काय उपयोग? जिथे अंक खपतो, त्या शहरांवर चालून जा की!

1909 मध्ये त्याचंच 'स्पाइज ऑफ द कैसर' आलं आणि वाचक कामाला लागले. 'पुढे काय झालं?' एवढंच विचारणारा वाचक परवडला. इथे ज्याला त्याला आपल्याच गल्लीत हेर दिसू लागला. जर्मन न्हावी, जर्मन वेटर, वही-पेन्सिल घेऊन भटकणारा कुणी परदेशी पाहुणा. पत्रांचा ढीग लेखकाकडे, तिथून युद्धखात्यातल्या कर्नल एडमंड्सकडे, आणि मग पुरावा म्हणून सरकारी समितीपुढे! त्याच वर्षी ब्रिटिश गुप्तहेर खात्याची स्थापना झाली. (इतकं फळ आमच्या दिवाळी अंकांतल्या कुठल्या कथेला आलंय?)

त्याच वर्षी विनोदी लेखक वुडहाउसने 'द स्वूप' लिहून या स्वारी-साहित्याची यथेच्छ टर उडवली. त्यात जर्मनांबरोबर मोनॅकोसुद्धा इंग्लंडवर तुटून पडतो आणि देश वाचवतो एक बालवीर. स्वित्झर्लंडचं आरमारही इंग्लंडच्या किनाऱ्यावर तोफा डागतं. स्वित्झर्लंडला समुद्रच नाही, हे कळवणारं पत्र एखाद्या जागरूक वाचकाने तातडीने धाडलं असणारच, प्रत युद्धखात्याला.