राजपुत्र मिळेल हो, रजेचं काय?

जगाच्या नकाशावर अल्डोव्हिया सापडत नाही म्हणून भूगोलाच्या मास्तरांना दोष देऊ नये. हे राज्य 2017 साली नेटफ्लिक्सने ‘अ क्रिसमस प्रिन्स’ या चित्रपटासाठी वसवलं. तिथे कायम डिसेंबर असतो, प्रजा लंडनच्या थाटाचं इंग्रजी बोलते आणि राजघराणं राज्यकारभार सोडून झाड सजवत बसतं. पुढच्याच वर्षी ‘द प्रिन्सेस स्विच’ आला आणि त्याने बेलग्राव्हिया नावाच्या राज्याची भर घातली. खरं बेलग्राव्हिया म्हणजे लंडनमधली श्रीमंतांची वस्ती. एका पटकथेच्या जोरावर तिला स्वतंत्र राज्याचा दर्जा मिळाला, याची विदर्भवाद्यांनी नोंद घ्यावी.

अल्डोव्हियाची कथा अशी. अँबर ही न्यूयॉर्कच्या एका मासिकातली कनिष्ठ संपादक. युवराज रिचर्ड गादीवर बसणार की नाही, हे शोधायला तिला ऐन नाताळात परदेशी धाडतात. पत्रकार परिषद रद्द होते. बाकीचे वार्ताहर निमूट परततात, ही मात्र राजवाड्यात शिरते. तिथले लोक तिला धाकट्या राजकन्येची नवी शिक्षिका समजतात आणि ही त्यांना तसं समजू देते. ना ओळखपत्र, ना झडती. आमच्याकडे मंत्रालयात कारकुनाला भेटायचं तरी आधी पास काढावा लागतो. अल्डोव्हियाच्या राजवाड्यात अंगावर बरा कोट असला की पुरतं.

मग कळतं की युवराज दत्तक आहे! चुलतभाऊ लगेच गादीवर हक्क सांगतो. इथे मराठी प्रेक्षक सरसावून बसतो, कारण दत्तकाची भानगड त्याला शाळेपासून पाठ असते. 1848 साली डलहौसीने याच मुद्द्यावर सातारा खालसा केलं. अल्डोव्हियात मात्र दिवंगत राजाने आधीच फर्मान काढून ठेवलेलं असतं आणि ते नाताळच्या झाडाला टांगायच्या, ओकच्या फळासारख्या दिसणाऱ्या एका शोभेच्या वस्तूत दडवलेलं असतं. आपल्या नायिकेला ते बरोबर वेळेवर सापडतं. साताऱ्यात कोणी असलं काही टांगून ठेवलं नाही, तिथेच सगळं फसलं.

प्रेमकथा म्हणून हे चित्रपट फारच पातळ. नायक-नायिका एकमेकांवर बर्फाचे गोळे फेकतात, एकत्र कोको पितात, आणि तेवढ्यावर राजघराण्यात सोयरीक होते. कांदेपोह्यांच्या कार्यक्रमातसुद्धा याहून जास्त चौकशी होते. पण खरी स्वप्नरंजनाची जागा राजपुत्र नव्हेच. ती आहे रजा. या चित्रपटांतली कोणतीही बाई डिसेंबरात आठ-दहा दिवस उठून दुसऱ्या देशात किंवा दुसऱ्या गावात जाऊ शकते. शिकागोची स्टेसी आपली बेकरी सोडून बेलग्राव्हियात केकच्या शाही स्पर्धेला जाते, तेही नाताळच्या आठवड्यात! त्या आठवड्यात बेकरी बंद ठेवणारा माणूस वसईत सापडेल का वांद्र्यात? अँबरचा लेख मासिकात नाकारला जातो तर ती नोकरीच सोडते आणि ब्लॉग लिहायला घेते. घरभाड्याचं काय, हा प्रश्न कोणाच्या ओठावर येत नाही. राजपुत्र नववर्षाच्या आदल्या रात्री थेट तिच्या वडिलांच्या खानावळीत येऊन लग्नाची मागणी घालतो, त्यामुळे तो विषय मिटतो. आमच्या ओळखीत राजपुत्रावर विश्वास ठेवणाऱ्या मुली दोन-चार निघतील. संपादकाने डिसेंबरात रजा मंजूर केली, यावर विश्वास ठेवणारी एकही नाही.

नवऱ्यांचा पुरवठा दरवर्षी नव्या तऱ्हेचा. 2019 साली चौदाव्या शतकातला एक सरदार जादूने ओहायोत येऊन पडला. विज्ञान शिकवणाऱ्या नायिकेची गाडी त्याच्यावर आदळते आणि तलवारधारी अनोळखी पुरुषाला ती घरी राहायला नेते. 2022 साली स्मृती गेलेली कोट्यधीशाची लेक एका विधुराच्या लॉजवर पोचली. आपल्या हिंदी सिनेमाने हा रोग केव्हाच जुना करून सोडला होता. 2024 च्या ‘हॉट फ्रॉस्टी’त तर बर्फाच्या पुतळ्याच्या गळ्यात मफलर पडतो आणि त्याचा देखणा जिवंत पुरुष होतो. तो टीव्ही बघून कामं शिकतो, स्वयंपाक करतो, घराची डागडुजी करतो. भूतकाळ नाही, आई नाही, जमिनीचा दावा नाही. असं स्थळ आलं तर आमच्याकडे पत्रिका बघायलाही कोणी थांबणार नाही.

एक गोष्ट मात्र मनापासून सांगायची. यातल्या बहुतेक घरांत कोणीतरी गेलेलं असतं: अँबरची आई, रिचर्डचे वडील, लॉजवाल्याची बायको, ‘हॉट फ्रॉस्टी’तल्या बाईचा नवरा. सणाच्या दिवशी पानावरची ती रिकामी जागा या चित्रपटांना बरोबर दिसते. पटकथा वाटेल तशी लंगडली तरी पाहणाऱ्याच्या डोळ्यांत पाणी येतं ते त्याच जागी, आणि ते पाणी खोटं नसतं. बर्फ पुष्कळदा खोटा असतो. या धंद्यातलं जुनं घराणं म्हणजे हॉलमार्क ही शुभेच्छापत्रांची कंपनी. तिचे चित्रपट बरेचदा कॅनडात, भर उन्हाळ्यात, दोन-तीन आठवड्यांत उरकतात. नट लोकरी कोटात घामाघूम होऊन ‘किती गारठा पडलाय’ म्हणतात. याला अभिनय म्हणायचं नाही तर कशाला?

अल्डोव्हियाचा राजवाडा मात्र अस्सल आहे. तो रुमानियातल्या सिनाया गावचा पेलेश किल्ला. तिथली राजेशाही कम्युनिस्टांनी 30 डिसेंबर 1947 रोजी, म्हणजे नाताळच्याच आठवड्यात, राजा मिहाय याला पदत्याग करायला लावून संपवली. त्या वेळी झाडावर फर्मान सापडलं नाही. हा मिहाय वारला तो 5 डिसेंबर 2017 रोजी, चित्रपट येऊन महिनाही झाला नव्हता. त्याची शवपेटी दर्शनासाठी आधी पेलेशलाच आणली होती. पडद्यावर खोटा राजा गादीवर बसत होता आणि त्याच वास्तूत खऱ्याला निरोप दिला जात होता. नेटफ्लिक्सच्या पटकथाकारांना असलं सुचलं असतं, तर निर्मात्यांनी ‘फार दुःखी आहे’ म्हणून कापलं असतं.

‘द प्रिन्सेस स्विच’चं कथानक आपल्या ‘सीता और गीता’च्या घराण्यातलं: एक बेकरीवाली, एक सरदारकन्या, चेहरा एकच. दुसऱ्या भागात तिसरी हमशकल येते आणि तिन्ही भूमिका व्हेनेसा हजेन्सच करते. पहिल्या भागातली पात्रं घरी बसून ‘अ क्रिसमस प्रिन्स’ हा सिनेमा पाहतात आणि दुसऱ्या भागात त्याच सिनेमातले राजा-राणी त्यांच्याकडे राज्याभिषेकाला पाहुणे म्हणून हजर! तुम्ही पुसत बसलात की हे कसं, तर हे चित्रपट तुमच्यासाठी नाहीत.

बाकीच्यांनी पहिला ‘अ क्रिसमस प्रिन्स’ जरूर पाहावा. दीड तासात संपतो, आणि घरातली मोठी माणसं शेजारी असताना रिमोट शोधायची धावपळ होत नाही. दुसरा भाग लग्नाचा, तिसरा बाळाचा; दोन्ही चुकवले तरी आहेर चुकत नाही. मात्र सांभाळून. डिसेंबर 2017 मध्ये खुद्द नेटफ्लिक्सने ट्विटरवर चारचौघांत विचारलं होतं, की गेले 18 दिवस रोज हा चित्रपट पाहणाऱ्या त्या 53 जणांना कोणी दुखावलंय? म्हणजे आपण किती वेळा पाहतो, ते मोजणारे तिथे बसलेले आहेत. दुसऱ्यांदा पाहायचा झालाच, तर घरातल्या दुसऱ्या कोणाच्या तरी प्रोफाइलवरून पाहा.